पहिलं विमान जेट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीत सुट्टीतल्या भेटवस्तूंचं एक पान आहे. त्यात रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा फोटो छापलाय. राखाडी रंग, टोकदार नाक, मागे दोन शेपट्या. थोडक्यात लढाऊ जेट. फोटोखाली ओळ आहे, ‘दहा वर्षांवरील मुलांसाठी उत्तम सुरुवात’. माझं पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. असंच जेट गेल्या दिवाळीत आमच्या घरी आलं. किंमत अकरा हजार रुपये. उडालं नऊ सेकंद. नातवाच्या आईने मोबाइलवर शूटिंग केलंय, म्हणून सेकंदांचा हिशोब पक्का आहे.

मी नाशिक रोडला राहते. वय त्रेसष्ट. गेली चौतीस वर्षं ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. विमानांशी माझा संबंध तोवर एवढाच होता, की गांधीनगरच्या लष्करी तळावरची हेलिकॉप्टरं डोक्यावरून गेली की गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप पुन्हा विचारावं लागायचं. आता मी विमान उडवते. नीट उतरवतेही, बहुतेक वेळा.

झालं असं की, १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या एचएएल कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. नातू सातवीत. त्याच्या अंगात तेजस संचारलं. दिवाळी तोंडावर होती, माझ्या मुलाने ऑनलाइन शोधलं आणि जे सगळ्यात खरं दिसलं ते मागवलं. भाऊबिजेला आम्ही सिन्नरकडे माझ्या भावाच्या शेतावर गेलो. बाजरी निघालेला एक तुकडा मोकळा होता. मुलाने रिमोट धरला, नातवाने विमान डोक्यावर धरून पळत फेकलं. ते एवढ्या जोरात सुटलं की आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग नाक वर, मग डावा पंख खाली, मग बांधावरची बाभूळ. नातू रडला नाही. तो गप्प बसला, ते जास्त वाईट होतं.

आमच्या गल्लीत ओझरच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. आख्खी गल्ली त्यांना काका म्हणते, म्हणून माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे असूनही मीही काकाच म्हणते. कॉलेजात ते एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते. तिथे बाल्साच्या हलक्या लाकडाची विमानं करायला शिकले, दोन तारांना बांधून स्वतःभोवती गोल फिरवायची, तसली. पुढे रेडिओवरची उडवली. नातू तुकडे पिशवीत घालून त्यांच्याकडे गेला. काकांनी पिशवीत डोकावून पहिला प्रश्न विचारला, “सुखोईचा पायलट पहिल्या दिवशी काय उडवतो, माहितीय?”

नातवाला माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच. वायुदलात भरती झालेला मुलगा हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत आधी पिलाटस पीसी-७ नावाच्या पंख्याच्या विमानावर शिकतो. २०१३ पासून तिथे तेच विमान आहे. मग किरण नावाचं शिकाऊ जेट, मग लढाऊ विमानांकडे जाणाऱ्यांना बिदरला हॉक, तेही शिकाऊ जेटच, आणि त्यानंतर कुठे सुखोई. काका म्हणाले, “१७ तारखेला ओझरला आणखी एका विमानाच्या उत्पादनाचं उद्घाटन झालं. एचटीटी-४०. शिकाऊ पायलटांचं विमान. ते टीव्हीवर पाहिलंस का?” कुणीच पाहिलं नव्हतं. तेजसपुढे त्याला कोण विचारतो!

मला हे लगेच पटलं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला मी पहिल्या दिवशी पैठणी कापायला देत नाही. जुन्या चादरीवर सरळ शिलाई मारायला लावते. पंधरा दिवस.

जेट पहिलं विमान म्हणून का चालत नाही, हे काकांनी माझ्याच टेबलावर, माझ्याच टेपने मोजून दाखवलं. विमानाचं वजन किती आणि ते पेलायला पंखाचं ‘कापड’ किती, हा सगळा खेळ. आमच्या जेटचं बॅटरीसकट वजन ६२० ग्रॅम आणि पंख साधारण साडेदहा चौरस डेसिमीटर (एक म्हणजे दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा), म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर ५९ ग्रॅम. नंतर आम्ही घेतलेलं शिकाऊ विमान त्याहून जड आहे, ७०० ग्रॅम. पण त्याचा पंख ११० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ २० चौरस डेसिमीटर. तिथे भार पडतो ३५ ग्रॅम. ज्याच्या पंखावर भार जास्त, त्याला हवेत टिकायला वेग जास्त लागतो. वेग कमी पडला की पंख हवा पकडायचं सोडतो. त्याला स्टॉल म्हणतात. शिकणारा माणूस घाबरला की नेमकं काय करतो? मोटर बंद करतो आणि नाक वर ओढतो. जेटला पाडायला तेवढं पुरतं.

त्यात आमच्या जेटला बाहेर फिरणारा पंखाच नव्हता. पोटात नळी आणि नळीत छोटा पंखा. तो वेग पकडायला वेळ घेतो, चिमुकल्या बॅटरीतून वीज ओरबाडतो, आणि तीन-चार मिनिटांत खेळ संपतो. तीन-चार मिनिटांत नवा माणूस शिकणार काय?

मग पहिलं कसलं घ्यावं? दिसायला साधं. अगदी ‘हे काय, खेळणं?’ असं वाटावं इतकं साधं. पंख धडाच्या वर बसवलेला हवा, म्हणजे वजन खाली लटकतं. समोरून पाहिलं तर पंखाची दोन्ही टोकं थोडी उचललेली हवीत, अगदी उथळ ‘व्ही’सारखी. असं विमान एका बाजूला कललं आणि तुम्ही रिमोटवरच्या काड्या सोडल्या, तर ते आपणच सरळ होऊ पाहतं. जेट तसं करत नाही. त्याला जसं कलंडवाल तसंच ते राहतं, कारण लढाऊ विमानाने तसंच वागायचं असतं. पिवळ्या रंगाचं पायपर कब नावाचं जुनं अमेरिकन विमान पाहा. १९४७ पर्यंत ते बनत होतं आणि कितीतरी पायलट त्याच्यावर शिकले. ठेवण तीच, पंख वर, चाल हळू. त्याच्या फोमच्या प्रतिकृती मिळतात आणि पहिलं विमान म्हणून त्या चालतात.

फोमचंच घ्यावं, हेही सांगते. बाल्साचं विमान देखणं असतं, पण पडलं की काड्या होतात आणि महिना दुरुस्तीत जातो. फोमचं तुटलं तर गोंद लावून, वर टेप मारून त्याच दिवशी पुन्हा उडतं. गोंद मात्र फोमला चालणाराच हवा. घरातला नेहमीचा झटपट गोंद मी थर्माकोलच्या तुकड्यावर लावून पाहिला, तर त्याने थर्माकोलच खाल्लं. आमच्या विमानाच्या उजव्या पंखावर मी मारलेल्या पिवळ्या टेपचे चार पट्टे आहेत. शिलाई सरळ आहे, काका म्हणाले.

मोटर पुढे की मागे, यावर दुकानदार तासभर बोलतात. नाकावर पडलं तर मागचा पंखा वाचतो, हे खरं. पण हाताने फेकताना तो बोटांमागून फिरत येतो, हेही खरं. आम्ही पुढच्या मोटरचं घेतलं आणि दोन पंखे मोडले. पंखा स्वस्त असतो, बोट नाही. दीड-दोन हजारांत मिळणारी, दोन बारीक पंख्यांची अगदी हलकी विमानंही असतात. त्यांना शेपटीवर हलणारी पट्टीच नसते, मोटर वाढवली की वर आणि कमी केली की खाली. वारा नसेल तर मजा येते. पण त्यातून हात तयार होत नाही. झुळूक आली की ते शेजारच्या वस्तीवर जातं आणि तुम्ही नुसते बघत राहता.

तीन चॅनेल की चार, म्हणजे रिमोटने विमानातल्या किती गोष्टी हलवायच्या, हा पुढचा प्रश्न. तीनमध्ये मोटर, वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि वळवणारा रडर. चौथा एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या. पंखाची टोकं उचललेली असली तर तीनवरही विमान छान वळतं. पण पुढचं विमान चारचंच असणार, म्हणून माझ्या मते रिमोट तरी सुरुवातीलाच चार किंवा जास्त चॅनेलचा घ्यावा. रिमोट टिकतो, विमानं बदलतात. मैदानावर ज्यांच्याकडून शिकणार आहात त्यांचा रिमोट कुठल्या मोडचा आहे, म्हणजे कुठली काडी काय चालवते, तेही आधी विचारा. आमच्याकडे सगळे मोड २ वर उडवतात, मोटर डाव्या काडीवर. तुम्ही मोड १ घेतला तर संकटाच्या वेळी कुणी तुमच्या हातातून रिमोट घेऊन विमान वाचवू शकणार नाही.

एक गोष्ट हल्ली सोपी झालीय. काकांच्या काळात रिमोटमध्ये रेडिओची फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल असायचे आणि दोघांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली की एकाचं विमान जायचं. म्हणून मैदानावर एक फळी असायची आणि तिच्यावर फ्रिक्वेन्सीचे नंबर लिहिलेले कपड्यांचे चिमटे. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. आता २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापल्या विमानातल्या रिसीव्हरशी जोडी जमवतात आणि चिमटे दोरीवर परत गेलेत.

नवीन विमानांत जायरो असतो. काड्या सोडल्या की विमान स्वतः सरळ करणारं इलेक्ट्रॉनिक्स. काकांना ते आवडत नाही. माझं मत वेगळं आहे. पहिल्या आठ-दहा वेळा जायरो चालू ठेवावा, पोराला आणि आजीला धीर येतो. मग थोडा थोडा बंद करावा. नाहीतर बॉबिन भरता न येणाऱ्या शिंपिणीसारखी गत होते.

शिकाऊ विमान घरी आलं तरी आम्ही तीन आठवडे उडवलं नाही. काकांनी मुलाच्या कॉम्प्युटरवर पिकासिम नावाचं फुकट मिळणारं सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान उडवायचा सराव, टाकून दिलं. पहिल्या संध्याकाळी नातवाने चाळीस विमानं पाडली. मी तेरा पाडली, पण माझ्या वाट्याला वेळही कमी आला. सगळ्यात अवघड असतं ते विमान आपल्याकडे येतानाचं. जाताना उजवं ते उजवं असतं, येताना सगळं उलटं होतं. मेंदूला गणित करायला वेळ नसतो. काकांनी युक्ती दिली, की जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच बाजूला काडी न्यायची, जणू पडत्या मांडवाला खालून टेकू देतोय. ही एक गोष्ट मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर तेरातली सहा वाचली असती.

उडवण्याआधीच्या दोन गोष्टी पुठ्ठ्याच्या खोक्यावर लिहिलेल्या असतात, पण बारीक अक्षरांत. एक तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भागापासून ते साधारण तीस टक्क्यांपर्यंत वजनाचा मध्य यायला हवा. आमच्या १८ सेंटिमीटर पंखाला तो साडेचार ते साडेपाच सेंटिमीटरवर येतो. मी शिवणाच्या खडूने दोन्ही पंखांखाली खूण केली. तिथे दोन बोटं टेकवून विमान उचललं की नाक किंचित खाली झुकायला हवं. शेपूट झुकली तर बॅटरी पुढे सरकवायची. जेटचे तुकडे जुळवून काकांनी पाहिलं, तेव्हा बॅटरी दोन बोटं मागे बसवलेली निघाली. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं, असं या छंदातले लोक म्हणतात. ते एकदा आम्ही पाहिलंय.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची दिशा. विमानाच्या मागे उभं राहून काडी उजवीकडे न्यायची. उजव्या पंखावरची पट्टी वर उठली पाहिजे, डावी खाली गेली पाहिजे. मुलाने एकदा पंख काढून परत बसवताना वायरी अदलाबदल केल्या आणि ती उलटी चालू लागली. नातवाने पकडलं, उडवण्याआधी. त्या दिवशी त्याला भावाने घरच्या ऊसाचं एक कांडं जास्त दिलं.

बॅटरीबद्दल मात्र मला गृहिणी म्हणून बोलायचंय. ही लिथियम पॉलिमरची बॅटरी मोबाइलच्या बॅटरीसारखी निर्धास्त वापरायची नव्हे. ती नाजूक आणि रागीट. एका सेलचा पूर्ण भरलेला दाब ४.२ व्होल्ट, तीन सेलची असेल तर १२.६. सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी खराब होते, म्हणून रिमोटवर सात-आठ मिनिटांचा गजर लावायचा आणि वाजला की उतरायचं, ‘अजून एकच फेरी’ नाही. चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणाराच हवा, ज्याला ती छोटी पांढरी पिन लागते. आम्ही दिवाळीनंतर जेटची बॅटरी पूर्ण भरून कपाटात माझ्या कापडांच्या गठ्ठ्यावर ठेवली होती. काही आठवड्यांनी कपाट उघडलं तर ती पुरीसारखी फुगलेली. त्याच कपाटात गिऱ्हाइकांच्या अठरा साड्या होत्या! आता उडवायचं नसेल तेव्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवतो, कापडांपासून लांब, मातीच्या कुंडीत. चार्जिंग फरशीवर, आणि कुणीतरी समोर बसून. बहुधा मीच, तुरपाई करत.

जागेचं काय, हा प्रश्न तुमच्या पानावर नावालाही नाही. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेले ड्रोनचे नियम रिमोटवरच्या विमानालाही लागू आहेत, हे बहुतेक पालकांना माहीत नसतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंत मायक्रो. हौसेसाठी मायक्रो उडवायला पायलटचा परवाना लागत नाही. पण कुठे उडवायचं हे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहावं लागतं. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंत परवानगी लागणारा पिवळा भाग येऊ शकतो आणि लाल म्हणजे लाल. आमच्या नाशिककरांच्या नशिबी ओझर, देवळाली, गांधीनगर हे सगळं आहे. गच्चीवरून उडवायचा विचार आला की माझ्या डोळ्यांपुढे चेतक हेलिकॉप्टर येतं. म्हणून नकाशा पाहून आम्ही माहेरच्या शेतावरच जातो. सकाळी सातला, वारा सुटायच्या आत. चाकं काढून ठेवलीत, गवतावर विमान पोटावर उतरतं. एकदा ते कांद्याच्या सऱ्यांत उतरलं तेव्हा भाऊ जे बोलला ते छापण्यासारखं नाही.

पहिल्या दिवशी काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, “तीन चुका करता येतील इतक्या उंचीवर ने आणि मग शीक.” नातवाने सहा मिनिटं उडवलं. मला दुसरी बॅटरी मिळाली. पिवळं विमान डोंगराच्या बाजूला वळलं, माझ्याकडे तोंड केलं, माझ्या डाव्या हाताकडचा पंख झुकला, मी काडी डावीकडे नेली आणि ते सरळ झालं. चौतीस वर्षांत कुठल्याही ब्लाउजने मला तसं वाटायला लावलं नव्हतं.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या यादीत विमान छापायचं असेल तर जेटऐवजी वर पंख असलेल्या शिकाऊ विमानाचा फोटो छापा, आणि खाली दोन ओळी बॅटरीच्या आणि नकाशाच्या. फोटो नसेल तर आमच्या विमानाचा पाठवते. पंखावरचे टेपचे पट्टे दिसतील, ते झाकू नका. जेटही आम्ही जोडून ठेवलंय, माझ्या शिलाईच्या खोलीत पंख्याखाली टांगलंय. नातू रोज त्याच्याकडे बघतो. काकांनी त्याला अट घातलीय, की शेतात अंथरलेल्या चादरीवर सलग दहा वेळा उतरवून दाखवायचं. परवापर्यंत सहा झालेत. माझे चार.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिक रोड
(सूनबाईच्या आग्रहावरून नाव छापू नये. ‘सासूबाई शेतात विमान उडवतात’ हे तिच्या ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही.)